बायोस अपडेट चालू असताना लाईट गेली, आता?

मे संपत आला होता. परभणीत वळवाचं आभाळ भरून आलं की आधी वारं सुटतं, आणि वारं सुटलं की लाईट पावसाची वाट बघत बसत नाही. त्या संध्याकाळी गंगाखेडकडचा एक पोरगा एसटीनं दुकानात आला. चादरीत गुंडाळून मांडीवर आणलेला कॅबिनेट त्यानं काउंटरवर ठेवला.

“सर, बायोस अपडेट करायलो होतो अन् मधीच लाईट गेली. आता नुसता पंखा फिरायलाय, स्क्रीनवर काहीच येईना. बोर्ड गेला म्हणायलेत.”

“कोण म्हणायलंय?”

“मामेभाऊ. पुण्याला आयटीत हाय.”

बोर्ड गेला नव्हता. अशा वेळी तो सहसा जात नाही. अक्षरं पुसलेली असतात, पाटी शाबूत असते. हा लेख त्या पोरासारख्यांसाठी आहे: ज्यांनी कॅबिनेट उघडून धूळ झाडली आहे, रॅम काढून परत बसवली आहे, पण बायोसच्या चिपला कधी हात लावलेला नाही.

नेमकं काय बिघडतं

मदरबोर्डवर आठ पायांची, तुरीच्या डाळीएवढी एक काळी चिप असते. बटन दाबल्यावर प्रोसेसर सुरुवातीलाच तिच्यातला प्रोग्रॅम, म्हणजेच बायोस, वाचायला घेतो. रॅम ओळखणं, ग्राफिक कार्ड जागं करणं, डिस्कवरून विंडोज उचलणं, ही सगळी कामं तिथून सुरू होतात. आजच्या बोर्डांवर खरं तर त्याचा नवा अवतार, यूईएफआय, असतो, पण बाजारात बायोस हाच शब्द चालतो, म्हणून मीही तोच वापरतो.

ही फ्लॅश जातीची चिप. नवीन लिहायचं तर आधीचं पुसावं लागतं, आणि तेही एकेक अक्षर नव्हे, ४ केबी किंवा ६४ केबीचा गठ्ठाच्या गठ्ठा. पुसणं झालं आणि लिहिण्याआधी लाईट गेली, की तेवढा भाग कोरा राहतो. प्रोसेसर वाचत वाचत त्या कोऱ्या जागेपाशी येतो आणि अडतो. पंखा मात्र फिरत राहतो, कारण त्याला १२ व्होल्ट मिळाले की बास.

जुन्या मंडळींना २६ एप्रिल १९९९ आठवत असेल. चेर्नोबिल नावानं ओळखला गेलेला व्हायरस त्या दिवशी जगभर जागा झाला आणि त्यानं असंख्य संगणकांचे बायोस पुसले. तेव्हा बऱ्याच बोर्डांवर चिप सॉकेटमध्ये असायची. कारागीर चालू संगणकातली चांगली चिप अलगद उचलून तिथं मेलेली बसवायचे आणि त्याच चालू संगणकावरून ती भरून घ्यायचे. आता चिप सोल्डर केलेली असते, त्यामुळे ती करामत संपली. पण तिच्या जागी आलेली साधनं जास्त सोपी आहेत.

आधी खात्री करा

अपडेटची पट्टी अडकलेली दिसते पण लाईट आहे? मग हात लावू नका. अर्धा तास, वाटल्यास तासभर तसंच राहू द्या. “हँग झालं” म्हणून लोक स्वतःच बटन दाबतात आणि नसलेलं दुखणं ओढवून घेतात. अपडेट नीट पार पडलं आणि त्यानंतर स्क्रीन काळी आहे, तरी दहा-पंधरा मिनिटं थांबा. डीडीआर५ रॅमचे बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेत बसतात आणि तोवर स्क्रीनवर काहीही दाखवत नाहीत.

मग साधी कामं उरका. वायर काढा, नाण्यासारखा सीआर२०३२ सेल काढा, पॉवरचं बटन दहा सेकंद दाबून धरा, पाच मिनिटांनी सेल परत बसवा. रॅमची एकच पट्टी ठेवून बघा. सेल काढल्यानं पुसलेला बायोस परत येत नाही, तेवढ्यानं फक्त सेटिंग मूळपदावर येतात. पण कधी कधी बिघाड सेटिंगचाच निघतो आणि पुढचा सगळा उपद्व्याप वाचतो.

बोर्डावरचं बटन

कॅबिनेट फिरवून मागची बाजू बघा. यूएसबीच्या एखाद्या खाचेभोवती चौकट आखलेली आहे का, किंवा शेजारी बायोस असं छापलेलं आहे का? जवळ एक बारीक बटन आहे का? असेल तर तुमचं नशीब चांगलं. एसूस त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणतं, एमएसआय फ्लॅश बायोस, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस. त्याच्यामागे एक छोटा स्वतंत्र कंट्रोलर असतो. तो पेन ड्राइव्हवरची फाईल थेट चिपमध्ये लिहितो. प्रोसेसर नको, रॅम नको, फक्त पॉवर सप्लायच्या २४ पिन आणि प्रोसेसरच्या ८ पिन या दोन्ही वायरी जोडलेल्या हव्यात.

पेन ड्राइव्ह ८ किंवा १६ जीबीचा घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. मोठ्या पेन ड्राइव्हला विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत बहुधा फॅट३२ चा पर्यायच दिसत नाही, म्हणून लहानच बरा. फाईल घ्यायची ती कंपनीच्या साइटवरून, आणि तुमच्याच मॉडेलची. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यात रिव्हिजनचा आकडा छापलेला असतो, तोही जुळला पाहिजे. १.० ची फाईल १.१ ला चालेलच असं नाही.

आता नाव. कंट्रोलर अडाणी असतो, ठरलेल्या नावाची फाईल दिसली तरच उचलतो. एमएसआयला ‘एमएसआय डॉट रॉम’, गिगाबाइटला ‘गिगाबाइट डॉट बिन’, एएसरॉकला ‘क्रिएटिव्ह डॉट रॉम’, सगळं इंग्रजी अक्षरांत. एसूसचं नाव प्रत्येक बोर्डाला वेगळं असतं, पण झिपमध्येच ‘बायोस रीनेमर’ नावाचं बारकं ॲप मिळतं, ते चालवलं की काम होतं. नवखे अडकतात ते इथंच: विंडोज फाईलचं शेपूट लपवून ठेवतं. तुम्ही नावात ‘डॉट रॉम’ लिहिता आणि प्रत्यक्षात ते ‘डॉट रॉम डॉट रॉम’ होऊन बसतं. फोल्डरच्या व्ह्यू मेनूत जाऊन शेपूट दाखवायला सांगा, मगच नाव बदला.

पेन ड्राइव्ह त्या ठरलेल्या खाचेत घाला. पॉवर सप्लाय चालू, संगणक बंद. बटन दाबा. एसूसला तीन सेकंद, दिवा तीनदा लुकलुकेपर्यंत. मग दिवा लुकलुकत राहतो आणि पाच-आठ मिनिटांनी विझतो. लगेच विझला किंवा स्थिर राहिला तर फाईल आवडलेली नाही: नाव, फॉरमॅट, पेन ड्राइव्ह, याच क्रमानं तपासा. आणि हे सगळं यूपीएसवर करा, नाहीतर परत पहिले पाढे पंचावन्न.

लॅपटॉप आणि दोन चिपांचे बोर्ड

लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा सुरुवातीचा छोटा भाग अपडेटमध्ये पुसला जात नाही, आणि तो स्वतःहून बचावाची फाईल शोधतो. एचपीला विंडोज आणि बी ही दोन बटनं दाबून ठेवून पॉवरचं बटन दोन-तीन सेकंद दाबा. पॉवर सोडा, ती दोन मात्र धरून ठेवा. डेलच्या अलीकडच्या मॉडेलना कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर जोडा, रिकव्हरीची स्क्रीन येईपर्यंत सोडू नका. दोन्हीकडे चार्जर लावलेला असू द्या.

गिगाबाइटच्या कित्येक बोर्डांवर मुख्य आणि राखीव अशा दोन चिपा असतात. मुख्य बिघडली तर राखीव स्वतःच पुढे येते, आपण काही मिनिटं वाट बघायची एवढंच.

वॉरंटी असेल तर पुढचं वाचूनही करू नका. आमच्याकडून सर्व्हिस सेंटरसाठी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं हे खरं, पण एक दिवस गेला तरी चालेल.

प्रोग्रॅमर लावायची वेळ

गंगाखेडच्या पोराचा बोर्ड स्वस्तातला, बटन नाही, दुसरी चिप नाही. तेव्हा सीएच३४१ए काढला. हा पेन ड्राइव्हएवढा प्रोग्रॅमर काही शे रुपयांत कुरिअरनं घरी येतो, सोबत आठ पायांची चिमटा-क्लिपही येते. चिप न काढता क्लिप वरून बसवायची आणि दुसऱ्या संगणकावरून वाचायचं-लिहायचं.

आधी बोर्ड पूर्ण बेशुद्ध करा: वायर काढा, सेल काढा, लॅपटॉप असेल तर बॅटरीचा कनेक्टर काढा, मग पॉवरचं बटन दाबून उरलासुरला करंट सोडा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. नायलॉनची चादर नको, लाकडी टेबल बरं, आणि कामाआधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा. आमच्या दुकानाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मी मार्चपासून बादलीभर पाणी ओततो. कोरडी माती करंट जिरवत नाही.

चिप शोधा आणि तिचा नंबर मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठा करून वाचा. विनबाँडची २५क्यू६४ म्हणजे ६४ मेगाबिट, आठ एमबी. २५क्यू१२८ म्हणजे सोळा एमबी. नंबराचं शेपूट त्याहून महत्त्वाचं. विनबाँडमध्ये ‘एफव्ही’ किंवा ‘जेव्ही’ असेल तर चिप ३.३ व्होल्टची, ‘एफडब्ल्यू’, ‘डीडब्ल्यू’, ‘जेडब्ल्यू’ असेल तर १.८ ची. मॅक्रॉनिक्सची २५एल म्हणजे ३.३, २५यू म्हणजे १.८. गिगाडिव्हाइसची २५क्यू म्हणजे ३.३, २५एलक्यू म्हणजे १.८. १.८ वाल्या चिपला मधे बसवायचा वेगळा ॲडॉप्टर लागतो. तो नसेल तर थांबा. थेट ३.३ दिलं तर जिवंत चिपही हातची जाते.

या प्रोग्रॅमरच्या काळ्या रंगाच्या स्वस्त आवृत्तीत एक खोड आहे: चिपला वीज ३.३ ची देतो, पण डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट सोडतो. पुष्कळ चिपा ते सोसतात. सोसतात म्हणून द्यावं का, हा तुमचा प्रश्न. मी व्होल्टेज निवडायचं बटन असलेला प्रोग्रॅमर वापरतो आणि तरी मल्टीमीटरनं एकदा मोजतो.

चिपच्या एका कोपऱ्यात बारीक ठिपका असतो, तो पहिला पाय. क्लिपची लाल वायर त्या बाजूला आली पाहिजे. प्रोग्रॅमरच्या सॉकेटवर २४ आणि २५ असे दोन भाग छापलेले असतात, आपल्याला २५ चा हवा. आधी क्लिप चिपवर, मग प्रोग्रॅमर यूएसबीत. उलटं केलं तर क्लिप सरकवताना चालू वीज भलत्या पायाला लागते. सॉफ्टवेअर म्हणाल तर विंडोजवर ॲसप्रोग्रॅमर किंवा निओप्रोग्रॅमर, लिनक्सवर फ्लॅशरॉम. ‘डिटेक्ट’ केल्यावर चिपचं नाव बरोबर आलं म्हणजे क्लिप बसली. नाहीच आलं तर पायांवरची धूळ-फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि परत बसवा. पाच-सहा वेळा बसवावी लागते, चिडू नका. काही बोर्डांवर शेजारचे भाग प्रोग्रॅमरची वीज खाऊन टाकतात, मग चिप गरम हवेच्या एसएमडी मशीननं उचलूनच वाचावी लागते. ते काम मात्र ज्याचा हात बसलाय त्याच्याकडून करून घ्या.

आणि आता लिहायची घाई करू नका. आधी वाचा.

चिप पूर्ण वाचून फाईल साठवा. परत वाचा, दुसऱ्या नावानं साठवा. तिसऱ्यांदाही. तिन्ही फाईली बाइटला बाइट सारख्या आहेत का ते तपासा. विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘एफसी’ची आज्ञा ‘स्लॅश बी’ लावून दिली की फरक दिसतो. फरक असला तर क्लिप हलतेय, आणि हलत्या क्लिपनं लिहिलेलं सगळं कचरा. सगळीकडे एफएफ एफएफच, म्हणजे कोरं, दिसत असेल तर बहुधा क्लिप टेकलेलीच नाही.

इतका आग्रह का, ते सांगतो. त्या चिपमध्ये कंपनीच्या साइटवर कधीच नसतं असं काही असतं: बोर्डाचा सिरियल नंबर, यूयूआयडी म्हणजे संगणकाचा ओळख क्रमांक, कित्येकदा लॅनचा मॅक पत्ता (नेटवर्कवर संगणक ज्यानं ओळखला जातो तो), आणि विंडोज ८ पासूनच्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये विंडोजची की. मी हे चुकून शिकलो. एका कॉलेजच्या लॅबमध्ये दोन अगदी एकसारखे संगणक होते. एकाचा बायोस गेला. मी हुशारी केली: चांगल्या संगणकाची चिप वाचली आणि तीच फाईल मेलेल्यात ओतली. संगणक झटक्यात उठला, मी चहा पिऊन निघालो. दोन दिवसांनी फोन. याचं नेट चालतं तेव्हा त्याचं बंद, त्याचं चालतं तेव्हा याचं बंद. दोघांचा मॅक पत्ता एकच झाला होता. मूळ पत्ता परत आणावा म्हटलं तर मेलेल्या चिपचा बॅकअप मी घेतलाच नव्हता. बोर्डावरच्या स्टिकरनं लाज राखली.

फाईल तयार करणं

कंपनीची फाईल जशीच्या तशी ओतायची नसते. चिप सोळा एमबीची असेल तर फाईल बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची हवी, आठची असेल तर ८३,८८,६०८. एसूसच्या ‘कॅप’ फाईलला पुढे जादा डोकं असतं, बऱ्याचदा २०४८ बाइटचं. म्हणून ती १,६७,७९,२६४ बाइटची दिसते. तेवढं डोकं हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलचे बाइट उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कापलं की माप जुळतं. लॅपटॉपच्या अपडेटमध्ये तर पुष्कळदा अर्धाच माल असतो, बायोसचा भाग तेवढा.

इंटेलच्या बोर्डांवर चिपचे भाग पडलेले असतात: सुरुवातीला डिस्क्रिप्टर, म्हणजे भागांचा नकाशा, मग मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे चिपसेटमधल्या छोट्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम, ज्याला बाजारात सगळे एमई म्हणतात, काहींवर लॅनचा भाग, आणि शेवटी बायोस. यूईएफआयटूल नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे भाग फांद्यांसारखे दिसतात. बदल करायला त्याची ०.२८ ही जुनी मालिका लागते; ‘एनई’ नावाची नवी दाखवते सगळं, बदलू देत नाही. काम असं: कंपनीच्या फाईलमधून बायोसचा भाग बाहेर काढा, आपल्या बॅकअपमध्ये त्याच भागावर ‘रिप्लेस ॲज इज’ करा, नव्या नावानं साठवा. डिस्क्रिप्टर, एमई आणि लॅन आपलेच राहतात. नुसता मॅक पत्त्याचा आकडा हातानं बदलू नका, त्या भागाची बेरीज तपासली जाते. बॅकअपमधला अख्खा भागच राहू द्या. सिरियल नंबर आणि विंडोजची की मात्र कित्येकदा बायोसच्याच भागात कुठंतरी असतात. तो जुळवाजुळवीचा खेळ पहिल्यांदा जाणत्या माणसाशेजारी बसूनच खेळावा.

एमईचाच भाग फाटला असेल तर लक्षण ठरलेलं: संगणक सुरू होतो, पंखा जोरात पळतो आणि बरोबर अर्ध्या तासानं आपोआप बंद. मग स्वच्छ एमई बसवावं लागतं, आणि ते नवख्याचं काम नव्हे.

पोराच्या बोर्डाचा बॅकअप हेक्समध्ये उघडला तेव्हा बायोसच्या भागात मधेच एफएफचा लांबच लांब पट्टा दिसला, आणि तो अचानक एका गठ्ठ्याच्या हद्दीवर तुटला होता. “इथं लाईट गेली बघ,” मी त्याला दाखवलं. तो बराच वेळ वाकून बघत होता.

पुढचं थोडक्यात: पुसा, कोरं झाल्याची खात्री करा, लिहा, ‘व्हेरिफाय’ करा. व्हेरिफाय नापास झालं तर बोर्ड चालू करायचा नाही, परत पुसून लिहायचं. पास झालं की आधी यूएसबी काढा, मग क्लिप, मग सेल आणि वायर जोडून बटन दाबा. पहिल्यांदा दोन-तीनदा आपोआप बंद-चालू झाला तर घाबरू नका.

डिस्प्ले आल्यावर

बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावा. चुकीच्या तारखेनं सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत आणि लोक नेट खराब म्हणून बोंबलतात. डिस्कचा मोड आधी एएचसीआय होता की रेड ते आठवून तसाच ठेवा, नाहीतर विंडोज निळी स्क्रीन दाखवेल. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाईल. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, म्हणून अपडेटआधीच बिटलॉकर तात्पुरता थांबवणं शहाणपणाचं.

पुढच्या वेळी अपडेट करताना डेस्कटॉप इन्व्हर्टरवर नव्हे, यूपीएसवर ठेवा. इन्व्हर्टरच वापरायचा तर मागचं बटन यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर जास्त घेतो. पंख्याला ते कळत नाही, संगणकाला कळतं. आभाळ आलेलं असेल, किंवा गावातली डीपी नुकतीच दुरुस्त झाली असेल, तर तो दिवस सोडून द्या.

अपडेटची खरी गरज पडतेही. जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर ओळखला जावा म्हणून, किंवा २०२४ साली इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या प्रोसेसरच्या व्होल्टेजचा दोष आवरायला बायोसमधूनच दुरुस्ती आली तशा कारणासाठी. म्हणून कॅबिनेट परत चादरीत बांधताना मी त्या पोराला विचारलं, “तुझं काय अडलं होतं रे?”

“काहीच नाही सर. नवीन आलंय म्हणून दिसायलं होतं.”